ऑपेरा आणि मराठी संगीत नाटक : एका उपमेची तपासणी

मराठी संगीत नाटकास ‘मराठी ऑपेरा’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. ही उपमा कितपत ग्राह्य मानावी, हे पाहण्यास २०१७ साली मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये झालेला चिमारोझाच्या ‘इल मात्रिमोनियो सेग्रेतो’ या इटालियन ऑपेराचा प्रयोग हे चांगले निमित्त होय. गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या भारतीय गायकांनी तो सादर केला.

कलकत्त्याचे नाट्यव्यवसायी मॉरिस बँडमन व जहांगीर फ्रामजी कराका यांनी हे नाट्यगृह उभारण्यास १९०९ साली आरंभ केला. काम अपुरे असतानाच १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घुमटावर कवी-नाटककारांचे स्मरण आणि ससून घराण्याकडून आलेली झुंबरे, असा सारा थाट युरोपीय होता. तथापि या वास्तूची खरी कीर्ती बालगंधर्व, दीनानाथ व पुढे पृथ्वीराज कपूर यांच्या प्रयोगांनी झाली. नाव ऑपेराचे आणि नांदणे देशी रंगभूमीचे, असा हा योग आहे! १९९३ मध्ये बंद पडलेले हे नाट्यगृह २०१६ साली जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडले.

‘ऑपेरा’ हा शब्द मात्र या वास्तूपूर्वीच येथे रुळला होता. पारशी मंडळ्या आपल्या गेय नाटकांना तेच नाव देत. अशाच एका मंडळीचा ‘इंद्रसभा’चा प्रयोग पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांस ‘शाकुंतला’ची प्रेरणा झाली, असे परंपरेने सांगितले जाते. ते नाटक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगभूमीवर आले. परंतु प्रेरणा आणि घडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साकी, दिंडी इत्यादी चाली किर्लोस्करांस कीर्तनपरंपरेतून लाभल्या; इटलीशी त्यांचा संबंध नाही. लोहमार्ग १८६१ साली खर्डीवरून कसाऱ्यापर्यंत व १८६५ साली थळ घाट ओलांडून इगतपुरीस पोहोचला होता. त्यामुळे मुंबईची नवलाई घाटमाथ्यावर पोहोचणे सुलभ झाले. पण आगगाडीने वार्ता जाते, गायनपद्धती जात नाही.

खरा भेद रचनेत आहे. चिमारोझाच्या कृतीत साधा संवादही सुरांतच चालतो आणि प्रत्येक स्वर रचनाकाराने लिहून ठेवलेला असतो. संगीत नाटकात गद्य थांबते तेथे पद येते, आणि त्या पदाचा विस्तार नटाच्या गळ्यावर सोपविलेला असतो. म्हणूनच येथे ‘वन्समोअर’ला पुनरुक्तीचे रूप येत नाही. १७९२ साली व्हिएन्नात हा ऑपेरा ऐकून सम्राट लिओपोल्डने सर्वांस भोजन देऊन त्याच रात्री तो संपूर्ण पुन्हा करविला, अशी आख्यायिका आहे. आवृत्ती तिकडेही होती, पण ती लिहिलेल्या स्वरांची.

कथानकांतील साम्य याहून जवळचे आहे. कॅरोलिनाने पित्याच्या कारकुनाशी, पाओलिनोशी, गुप्तविवाह केला आहे आणि धनिक पिता जेरोनिमो मुलींसाठी सरदार जावई शोधतो. १८८२ च्या ‘सौभद्रा’त बलराम सुभद्रेस दुर्योधनाला देऊ पाहतो. दोन्हीकडे वडीलधाऱ्यांचा हट्ट आणि त्याभोवतीची फसगत हाच विनोदाचा आधार. एकीकडे ती गुंतागुंत अनेक पात्रे एकाच वेळी गाऊन दाखवितात. दुसरीकडे ती गद्यात उलगडते व गाणे एकट्याच्या भावस्थितीसाठी राखलेले असते.