दोन तहांचा धडा : सेव्हर्स आणि लोझान



पहिल्या महायुद्धानंतरच्या तहांत व्हर्सायच्या तहाचे नाव आपल्या ओठांवर असते. सेव्हर्सचा तह मात्र एका ओळीत उरकला जातो. वास्तविक या तहाने हिंदुस्थानातील घराघरांत खळबळ उडवली होती. म्हणून नकाशा समोर घ्या आणि माझ्याबरोबर चला.

तुर्कस्थान १९१८ साली हरले. १० ऑगस्ट १९२० रोजी पॅरिसजवळील सेव्हर्स येथे, चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध कारखान्यात, सुलतानाच्या प्रतिनिधींनी तहावर सह्या केल्या. तहाची कलमे ४३३ होती. सिरिया व लेबनॉन फ्रान्सच्या, तर इराक व पॅलेस्टाईन ब्रिटनच्या देखरेखीखाली गेले. पूर्व थ्रेस ग्रीसला मिळाला आणि इझमीर बंदराचा कारभारही ग्रीसच्या हाती गेला. पूर्वेस स्वतंत्र आर्मेनिया व्हावयाचा होता. सामुद्रधुनी आंतरराष्ट्रीय मंडळाकडे गेली. सैन्य सुमारे पन्नास हजारांवर आणले गेले आणि खजिन्यावर परक्यांची देखरेख बसली. घर गेले आणि घराच्या किल्ल्याही गेल्या!

इकडे मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली होती. मौलाना मुहम्मद अली शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले. गांधीजींनी हा प्रश्न आपला मानला. हिंदू आणि मुसलमान एकाच व्यासपीठावर आले, हे त्या चळवळीचे मोठेच फलित होय.

पण तह उलटवला तो अंकाराने. मुस्तफा केमाल पाशा यांच्या नेतृत्वाखाली २३ एप्रिल १९२० रोजी तेथे राष्ट्रसभा भरली होती. तिने हा तह झुगारला. १९२१ मध्ये साकार्या नदीकाठी ग्रीक सैन्याची आगेकूच रोखली गेली आणि ९ सप्टेंबर १९२२ रोजी तुर्की सैन्य इझमीरमध्ये शिरले. नोव्हेंबरात लोझान येथे नव्याने वाटाघाटी सुरू झाल्या. इंग्लंडच्या लॉर्ड कर्झन यांच्यासमोर इस्मत पाशा बसले होते. त्यांना कमी ऐकू येई, आणि नको असलेली मागणी त्यांना मुळीच ऐकू येत नसे, असे सांगतात. २४ जुलै १९२३ रोजी लोझानचा तह झाला. पूर्व थ्रेस व इझमीर तुर्कस्थानकडे राहिले.

आता प्रश्न असा, की हे केवळ तलवारीने साधले काय? नाही. काय मागावयाचे आणि काय सोडावयाचे, हे तुर्कांनी आधीच ठरविले होते. जानेवारी १९२० च्या राष्ट्रीय करारात त्यांनी अरब प्रदेशांचे भवितव्य तेथील जनतेच्या मतावर सोपविले होते. आपल्या येथील नेते अरबस्तान खलिफाकडेच राहावा असा आग्रह धरीत होते. तुर्कांचा तो आग्रह नव्हता. पुढे ३ मार्च १९२४ रोजी अंकारानेच खिलाफत रद्द केली. ज्यांनी तिच्यासाठी तुरुंगवास सोसला, त्यांना केवढा धक्का बसला असेल! दूरच्या देशाविषयी प्रेम असावे, पण तेथील माणसांना काय हवे आहे याची माहितीही असावी.

आणि विजयाची किंमतही विसरू नका. लोझानच्या कराराने सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसचे आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्थानचे ठरविले गेले. त्यांतले कित्येक आधीच जीव मुठीत धरून पळाले होते. बाकीच्यांना आता धर्म पाहून घराबाहेर काढण्यात आले. कित्येकांना नव्या देशाची भाषाही येत नव्हती. १९१५ पासून कत्तली व हद्दपारी सोसलेल्या आर्मेनियनांना दिलेले वचन कागदावरच राहिले. कुर्दांना स्वायत्ततेचे आश्वासन होते, तेही विरले.

विद्यार्थ्यांनो, जेथे लोकांची संमती नाही तेथे ४३३ कलमेही टिकत नाहीत, हा सेव्हर्सचा धडा आहे. लोझानचा धडा त्याहून कठीण आहे : एकाला न्याय मिळतो तेव्हा दुसऱ्याचे घर गेले का, हेही पाहावे लागते. पालकहो, मुलांना सनावळी जरूर पाठ करू द्या. पण नकाशावरील रेघ बदलली की तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे काय झाले, हे विचारण्याची सवयही लावा. इतिहास शिकण्याचे खरे प्रयोजन तेच आहे.