मॅट्रिकची इंग्रजी (रत्नागिरी जिल्हा)

मॅट्रिकची इंग्रजी म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेसाठी केला जाणारा इंग्रजी शब्दसंग्रह, व्याकरण व वाचन यांचा अभ्यास. इ.स. १८५९ मध्ये ही परीक्षा प्रथम झाली आणि स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा (एस.एस.सी.) सुरू होईपर्यंत, म्हणजे सुमारे ९० वर्षे, ती मराठी मुलखातील उच्च शिक्षणाचे प्रवेशद्वार होती. डोंगराळ जमीन, तुटपुंजी शेती आणि मुंबईवर अवलंबून असलेला चरितार्थ यांमुळे रत्नागिरी जिल्ह्यात या अभ्यासाला विशेष महत्त्व आले. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत उत्तीर्ण झालेल्या मुलास कॉलेज, वकिली, शिक्षकी किंवा निदान कारकुनी यांपैकी एखादी वाट मोकळी होत असे. अनुत्तीर्ण झालेल्यास बहुधा गावी परतावे लागे किंवा पुढच्या वर्षी पुन्हा बसावे लागे. प्रस्तुत लेखात 'रत्नागिरी जिल्हा' ही संज्ञा जुन्या अर्थाने वापरली आहे. १ मे १९८१ रोजी वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा त्यात समाविष्ट आहे.

परीक्षेचे स्वरूप

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. पहिल्या मॅट्रिक परीक्षेस शंभराहून अधिक उमेदवार बसले, पण उत्तीर्ण झालेल्यांची संख्या विसाच्या आसपासच होती. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. हे दोघे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे चौघे १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले.

इंग्रजीचे परीक्षेतील वजन किती होते, हे मोहनदास करमचंद गांधी यांच्या गुणांवरून समजते. त्यांनी याच विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८८७ मध्ये अहमदाबाद केंद्रावरून दिली. एकूण ६२५ गुणांपैकी २०० इंग्रजीला, १७५ गणिताला, १५० सामान्य ज्ञानाला आणि १०० दुसऱ्या भाषेला होते. गांधींना इंग्रजीत ८९ आणि एकूण २४७.५ गुण मिळाले. मात्र इंग्रजीचा खरा वाटा या २०० गुणांहून मोठा होता, कारण इतर विषयांची उत्तरेही इंग्रजीतच लिहावी लागत. दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यासही संस्कृत उताऱ्याचे भाषांतर इंग्रजीत करावे लागे. त्यामुळे इंग्रजी कच्चे असलेल्या मुलाचे संस्कृतचे गुणही जात.

इंग्रजीच्या प्रश्नांत व्याकरण (पदांची फोड, वाक्यपृथक्करण, वाक्यरूपांतर), कवितेचा गद्य अन्वयार्थ, मराठीतून इंग्रजीत भाषांतर, निबंध अथवा पत्र असे भाग असत. परीक्षा लेखी असल्याने बोलण्याचा सराव शाळांतून मागे पडला. निर्दोष अर्ज लिहू शकणारा, पण साहेबापुढे दोन वाक्ये बोलताना अडखळणारा कारकून ही या परीक्षेचीच निर्मिती होय.

इंग्रजी शाळेची इयत्ता मराठी शाळेहून वेगळी मोजली जाई. मराठी इयत्ता संपवून मूल 'इंग्रजी पहिली'त जाई आणि 'इंग्रजी सातवी' म्हणजेच मॅट्रिकचा वर्ग असे. एकोणिसाव्या शतकात परीक्षा सामान्यतः नोव्हेंबरच्या सुमारास होई. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरील आगबोटी बंद असत. त्यामुळे बंदर पुन्हा खुले झाल्यावर मुंबईकडे जाणाऱ्या उतारूंमध्ये पुस्तकांचे गाठोडे घेतलेले उमेदवारही असत.

अभ्यासाची साधने

आरंभीच्या पिढीचे वाचन प्रामुख्याने हॉवर्डच्या क्रमिक पुस्तकांवर झाले. हॉवर्ड हे मुंबई इलाख्याचे शिक्षण संचालक होते. पुढे 'रॉयल रीडर' मालिका आणि व्याकरणासाठी नेसफिल्ड यांची पुस्तके आली. शब्दार्थासाठी मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश (१८४७) आणि बाबा पदमनजी यांचे आटोपशीर कोश उपलब्ध होते. विसाव्या शतकाच्या आरंभी नीळकंठ बाबाजी रानडे यांचा विस्तृत इंग्रजी–मराठी कोश खंडशः प्रसिद्ध झाला. मोठे कोश महाग असल्याने ते शाळेत किंवा एखाद्या वकिलाच्या घरी पाहावयाचे, आणि शब्द वहीत उतरवून घेऊन पाठ करावयाचे, ही सर्वसाधारण रीत होती.

या सर्वांत घरोघर पोहोचली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. प्रत्येक धड्यात थोडा नियम, त्यानंतर शब्द, मग इंग्रजीतून मराठीत आणि शेवटी मराठीतून इंग्रजीत भाषांतरासाठी वाक्ये, अशी तिची मांडणी होती. शिक्षक नसलेल्या गावातही मुलास तिच्या आधारे एकट्याने अभ्यास करता येई. 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दप्रयोग पुढे काहीसा थट्टेने वापरला गेला, परंतु मॅट्रिकच्या कामापुरती ही इंग्रजी भक्कम होती. भांडारकरांच्या संस्कृतच्या पहिल्या व दुसऱ्या पुस्तकांची रचनाही याच भाषांतर पद्धतीची आहे, आणि ती पुस्तके मुळात इंग्रजीत आहेत.

व्याकरणाच्या बाबतीत मराठी मुलास एक सोय होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेले मराठी व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेले होते. त्यामुळे शब्दांच्या आठ जाती मुलास आधीच मराठीतून ठाऊक असत.

मराठी भाषकांच्या विशिष्ट अडचणी

परीक्षेतील पुष्कळशा चुका अज्ञानातून नव्हे, तर मराठीच्या सवयीतून होत. मराठीत उपपद नाही. त्यामुळे 'अ', 'अ‍ॅन' व 'द' ही तीन चिमुकली पदे सर्वांत अधिक गुण घालवीत. नियम पाठ केला तरी नदीच्या नावाआधी 'द' येतो आणि गावाच्या नावाआधी येत नाही, हे सवयीनेच अंगवळणी पडते.

विभक्तीची अडचण याहून खोल आहे. मराठीत नाते नामाच्या शेवटी प्रत्ययाने किंवा शब्दयोगी अव्ययाने दाखविले जाते, तर इंग्रजीत ते नामाच्या आधी येणाऱ्या स्वतंत्र शब्दाने. 'ला' या एकाच प्रत्ययासाठी प्रसंगानुसार 'टू', 'अ‍ॅट', 'फॉर', 'ऑन' यांपैकी काहीही लागते आणि कित्येकदा काहीच लागत नाही. 'मला भूक लागली' किंवा 'मला दोन भाऊ आहेत' अशा वाक्यांत माणूस चतुर्थीत असतो, इंग्रजीत मात्र तोच कर्ता होतो. 'त्याने आंबा खाल्ला' आणि 'त्याने कैरी खाल्ली' यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजी क्रियापदाला आंबा आणि कैरी सारखेच.

अप्रत्यक्ष कथनाचा प्रश्न हमखास विचारला जाई, कारण तेथे दोन भाषांचा स्वभावच भिन्न आहे. 'मी उद्या येईन, असे तो म्हणाला' या मराठी वाक्यात बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात आणि 'असे' हा शब्द ते उचलून धरतो. इंग्रजीत पुरुष बदलतो, काळ एक पायरी मागे जातो, आणि 'उद्या'चा 'दुसरा दिवस' होतो. एका वाक्यात तीन ठिकाणी चूक करण्याची ही सोय परीक्षकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

वाचनात अडचण होती ती लांब वाक्यांची. 'काल मुंबईहून आलेल्या बोटीतून उतरलेला मुलगा' अशा मराठी रचनेत सर्व विशेषणे नामाच्या आधी येतात. इंग्रजीत नाम आधी येते आणि त्याचा तपशील मागून, गौण वाक्यांच्या साखळीत. म्हणून जुने शिक्षक उतारा वाचताना प्रथम मुख्य क्रियापद शोधावयास लावीत आणि मग त्याचा कर्ता. वाक्यपृथक्करणाचा तक्ता आज रुक्ष वाटतो, पण शब्दशः वाचणाऱ्या मुलाला वाक्याचा सांगाडा दाखविण्याचे काम तो चोख करीत असे. स्पेलिंगची गोष्ट निराळी होती. लिहिल्याप्रमाणे वाचल्या जाणाऱ्या देवनागरीतून आलेल्या मुलास न उच्चारली जाणारी अक्षरे केवळ घोकूनच लक्षात ठेवावी लागत.

रत्नागिरीचे हायस्कूल

रत्नागिरीत सरकारी इंग्रजी शाळा १८४० च्या दशकात होती. मालवण येथे जन्मलेले भांडारकर वडिलांच्या नोकरीमुळे रत्नागिरीस आले, तेथे शिकले आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेले. १८६० च्या दशकात ते याच गावच्या हायस्कुलात मुख्याध्यापक म्हणून परतले.

निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या सरकारी नोकरीचा अखेरचा काळ या हायस्कुलात शिक्षक म्हणून गेला. १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मराठीच्या अभिमानाने पेटलेला हा लेखक उपजीविकेसाठी मुलांना इंग्रजी शिकवीत होता आणि राजीनाम्यानंतरही त्याने काढलेल्या शाळेच्या नावात 'इंग्लिश' हा शब्द राहिला, यात त्याला विसंगती वाटत नव्हती. 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणारे पांडुरंग वामन काणे हेही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे शिक्षक होते.

लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा (१८५६), पण १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास गेल्याने त्यांनी १८७२ ची मॅट्रिक तेथून दिली.

उमेदवार

धोंडो केशव कर्वे यांचा मार्ग कोकणातील सामान्य मुलाच्या मार्गाशी अधिक जुळणारा होता. दापोली तालुक्यातील मुरूडहून ते १८७५ मध्ये मराठी सहावीच्या परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने साताऱ्यास पायी गेले. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे ती परीक्षा त्यांनी कोल्हापुरास दिली. इंग्रजीचा अभ्यास त्यानंतर सुरू झाला. रत्नागिरीच्या हायस्कुलात काही काळ काढून ते मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेत दाखल झाले आणि १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले.

मालगुंड येथे जन्मलेले कवी केशवसुत (कृष्णाजी केशव दामले) हेही उशिरा, १८८९ मध्ये मॅट्रिक झाले. मॅट्रिकसाठी इंग्रजी कवितेचा अन्वयार्थ शेकडो मुलांनी पाठ केला. केशवसुतांनी त्या भाषेतील कविता खरोखर वाचली आणि चौदा ओळींचे 'सुनीत' मराठीत आणले. त्यांचे बंधू मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) लिहिले. व्याकरणाच्या अभ्यासाचा इतका फलदायी उपयोग दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

इंग्रजी शिक्षणाची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. भीमराव रामजी आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे आणि बालपणाचा काही काळ दापोलीत गेला. १९०७ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाचे हे यश इतके दुर्मीळ होते की, सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. शाळेतील मुले इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करीत असताना याच गावातून ते परकीय शब्दांना मराठी प्रतिशब्द सुचविणारी भाषाशुद्धीची चळवळ चालवीत होते.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकच्या जागी शालान्त परीक्षा आली. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजीचा आरंभ पाचवीऐवजी आठवीपासून करण्यात आला. खेरांचा स्वतःचा जन्म रत्नागिरीचा होता. या निर्णयामुळे मराठी माध्यमाला बळ मिळाले, पण कॉलेजात गेल्यावर इंग्रजी व्याख्याने न समजणारी एक पिढीही तयार झाली. पुढे इंग्रजी पुन्हा पाचवीपासून आणि २००० पासून पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. १९७५ मध्ये अकरावीची शालान्त परीक्षा दहावीवर आली.

उच्च शिक्षणासाठी जिल्हा सोडण्याची गरज १९४५ मध्ये काही अंशी संपली. त्या वर्षी रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने कॉलेज सुरू केले. तेच आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. रत्नागिरी येथे राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे कोकण विभागीय मंडळ असून रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. दहावी व बारावीच्या निकालांत हा विभाग सातत्याने राज्यात अग्रभागी असतो.

पुढच्या पातळीवरील इंग्रजीचा सराव आता वेगळ्या परीक्षांसाठी केला जातो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजी अनिवार्य आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील ३०० गुणांच्या इंग्रजी पत्रिकेत किमान २५ टक्के मिळाले नाहीत, तर उमेदवाराच्या इतर पत्रिका गुणवत्तेसाठी विचारात घेतल्या जात नाहीत. परदेशी जाणारे विद्यार्थी आयईएलटीएस किंवा टोफेल देतात. त्यांत मॅट्रिकमध्ये नसलेले ऐकणे व बोलणे हे भागही असतात. उपपदे, शब्दयोगी अव्यये आणि काळांचा क्रम यांवरील प्रश्न मात्र या परीक्षांच्या सराव पुस्तकांतही कायम आहेत.