रिले बंद, व्यवहार बंद

चाकणमधला हा कारखाना काल्पनिक आहे. बिघाड मात्र पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा.

गुरुवार, संध्याकाळी ७:०० (दरपत्रक पाठवायच्या मुदतीच्या १६ तास आधी). मेल सर्व्हरच्या पुढे हाप्रॉक्सी बसवला. चाचणीचा मेल गेला, आला, मंडळी घरी. आता बाहेरचं प्रत्येक कनेक्शन सर्व्हरला प्रॉक्सीच्याच १०.०.०.५ या पत्त्यावरून आलेलं दिसतंय, आणि पोस्टफिक्सच्या मायनेटवर्क्स या यादीत १०.०.०.०/८ हा अख्खा पट्टा ‘आपला’ म्हणून लिहिलेला. वरातीसोबत आत शिरेल त्याला पाहुणा समजून पंगतीत बसवावं, तसला प्रकार.

रात्री ११:०० (१२ तास). पोर्ट २५ चाचपत फिरणारा एक बॉट मेल टाकून बघतो. पाठवणारा परका, घेणाराही परका. उत्तर: २५०, स्वीकारला. असल्या टपालाला सेंडमेलने १९९८च्या ८.९ आवृत्तीपासून मुळातच नकार द्यायला सुरुवात केली होती. पोस्टफिक्सही देतो. पण अटी वरून खाली तपासल्या जातात, आणि ‘आपल्या पत्त्यांना परवानगी’ ही अट सर्वांत वर. नकारापर्यंत पाळी येतच नाही.

पहाटे ३:०० (८ तास). स्पॅमने रांग फुगली. सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत.

सकाळी ८:१५. ड्युटीवरचा मुलगा रांग बघून हादरतो. मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.०/८ ठेवतो, अटींच्या शेवटी थेट ‘रिजेक्ट’. स्पॅम थांबतो. माझ्या मते रात्रीपेक्षा मोठं नुकसान इथून सुरू होतं.

९:००. लॅपटॉपवाले पोर्ट ५८७वरून लॉगिन करून पाठवतात. सर्व्हर त्यांना अडवत नाही. पण ईआरपी आणि स्कॅनर २५वर, बिनपासवर्डचे. त्यांना ‘५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड’. नाशिक शाखेतला छोटा पोस्टफिक्स मुख्यालयामार्फत टपाल धाडतो. ५ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार, म्हणून तो प्रत्येक मेल तिथल्या तिथे परत करतो. पोस्टफिक्सच्या मूळ मांडणीत या जागी ‘डिफर’ असतं: ४चा आकडा, म्हणजे ‘नंतर ये’. मग शाखेचं टपाल ५ दिवसांपर्यंत रांगेत थांबलं असतं. निदान सॉफ्ट_बाउन्स = येस एवढी एक ओळ तरी घालायची!

१०:२०. फोन सुरू. ‘तो जुना पट्टा परत टाका ना!’ टाकला की पुन्हा सगळ्या जगाला दार उघडं. खरा उपाय वेगळा: प्रॉक्सीने मूळ पत्ता पुढे सांगायचा आणि पोस्टफिक्सने तो वाचायचा. २.१० आवृत्तीपासून ही सोय आहे. फक्त दोन्हीकडे एकदमच चालू करावी लागते, नाहीतर एकही कनेक्शन नीट चालत नाही. मग ईआरपी आणि स्कॅनर यांचे नेमके पत्ते यादीत, आणि शाखेला ५८७वर पासवर्ड. हे काम आत्ता कुठे सुरू झालंय.

११:००. दरपत्रकाची मुदत संपली. ईआरपीने ते ९ वाजताच पाठवलं होतं, नकार मिळाला, आणि पुन्हा प्रयत्न करण्याची तजवीज त्यात नव्हती. विक्री विभागाने ते खाजगी खात्यावरून धाडलं, ११:०४ला.