लाल बावटा ते धनुष्यबाण: परभणीत डावे का हरले?

१/ परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचे एक छोटे स्थानक लागते. मातलेल्या राजाचे पोट फाडणाऱ्या नृसिंहाचे हे गाव. भोवती गोदावरीच्या खोऱ्यातील काळी, कसदार जमीन आणि तिच्यावर कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन. या जमिनीचा एक राजकीय इतिहास आहे. तो पाठ्यपुस्तकांत चार ओळींत आटोपतो. हा धागा त्याच इतिहासाचा.

२/ १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना पाठविले. १९७७ मध्ये पुन्हा शेकापचेच शेषराव देशमुख निवडून आले. मात्र १९८९ पासून आजपर्यंत, १९९८ चा एक अपवाद वगळता, हा मतदारसंघ शिवसेना आणि तिच्या परंपरेतील उमेदवारांकडे राहिला. ज्या मातीत लाल बावटा रुजला, तेथून तो उपटला कसा गेला?

३/ नेहमीचे उत्तर असे: डावे जुनाट झाले, अस्मितेची लाट आली आणि लोक वाहून गेले. या उत्तराने पराभूतांची सोय होते, कारण त्यात त्यांची काहीच चूक उरत नाही. परंतु लाट आली तेव्हा बांध आधीच खचलेला होता. तो कोठे खचला, हे पाहण्यासाठी निजामाच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

४/ हैदराबाद संस्थानातील सुमारे ६० टक्के जमीन दिवाणी म्हणजे सरकारी महसुलाखाली होती. सुमारे ३० टक्के जहागिरदारांकडे, तर उरलेली सुमारे १० टक्के ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. जहागिरीच्या गावात सारा, न्याय आणि दहशत बहुधा एकाच वाड्यातून चालत असे. राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि कुळाची भाषा मराठी. आपल्याच जमिनीचा कागद शेतकऱ्याला वाचता येत नसे.

५/ या अवस्थेविरुद्ध पहिला संघटित मराठी आवाज उमटला तो महाराष्ट्र परिषदेचा. तिचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. पुढे १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थांचे. त्यांच्या सहकाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डाव्या विचारांचे तरुण होते. निजाम गेला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे, जमीनदारीही गेली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

६/ १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि निजामाची सत्ता संपली. रझाकारांच्या अत्याचारांची आठवण मराठवाड्यात घरोघर आहे आणि ती खरी आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले, त्याचीही नोंद आहे. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मुसलमानांविरुद्धच्या हिंसाचारातील मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्यातील दोन जिल्हे होते. हा अहवाल कित्येक दशके प्रकाशित झाला नाही. हे मौन लक्षात ठेवावे. पुढे ते फार महाग पडले.

७/ १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये कूळकायदा आला आणि ‘संरक्षित कुळे’ निर्माण झाली. कागदावर ही क्रांतीच होती. प्रत्यक्षात काय झाले? अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुसरो यांच्या १९५८ च्या अभ्यासानुसार, हैदराबाद राज्याच्या पूर्वीच्या जहागिरी भागांत १९५१ साली नोंदलेल्या दर १०० संरक्षित कुळांपैकी चार वर्षांनी सुमारे ४५ कूळ म्हणून टिकली होती. सुमारे १२ जणांनी जमीन विकत घेतली. सुमारे २२ जणांना बेकायदा हुसकावण्यात आले, आणि सुमारे १७ जणांनी म्हणे ‘स्वेच्छेने’ जमीन सोडली.

८/ या असंतोषावर शेकाप उभा राहिला. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने काँग्रेसबाहेर पडलेल्या या पक्षाने १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवादाचा स्वीकार केला. १९५२ च्या हैदराबाद विधानसभेतील १७५ जागांपैकी १० शेकापला मिळाल्या. कम्युनिस्टांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या लोकशाही आघाडीने ४२ जागा जिंकल्या आणि विरोधी पक्षनेते झाले व्ही. डी. देशपांडे. तेलुगू मुलखातून निवडून आलेला हा मराठी कम्युनिस्ट. मराठवाड्याचे भविष्य लाल असेल, असे त्या वर्षी कोणी म्हटले असते तर त्याला वेडे ठरविणे कठीण होते.

९/ परंतु ‘शेतकरी’ या शब्दात कोण कोण येत होते? ज्याच्या नावावर सातबारा, तो शेतकरी. त्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणारा सालगडी, गावकुसाबाहेर राहणारी महार-मांग कुटुंबे, गायरानाच्या तुकड्यावर पोट भरणारे भूमिहीन हे त्या शब्दाच्या बाहेरच राहिले. पक्षाच्या नावात ‘कामगार’ होता. परभणीत तो शेतमजूरच असणार होता. पण शेतमजुराची मजुरी वाढवायची तर ती पक्षाच्याच कार्यकर्त्याच्या खिशातून जाणार होती.

१०/ म्हणून भूमिहीनांना आपला लढा वेगळा उभारावा लागला. १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला. १९६४ च्या अखेरीस दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह पुकारला. काही ठिकाणी कम्युनिस्ट सोबत आले. तरीही गावपातळीवर निळा आणि लाल हे दोन झेंडे एकाच बांधावर क्वचितच दिसले.

११/ दरम्यान १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. काँग्रेसने विरोधकांना फोडण्यापेक्षा सामावून घेण्याचे तंत्र वापरले. जेधे, मोरे स्वगृही परतले. १९६२ च्या जिल्हा परिषदा, सहकारी बँका, खरेदी-विक्री संघ यांतून गावातील कर्त्या घराण्यांना सत्तेचा वाटा मिळू लागला. शेकापचा सामाजिक पाया आणि काँग्रेसचा सामाजिक पाया एकच होता. त्यामुळे एका झेंड्याखालून दुसऱ्याखाली जाताना कोणाला आपले शेत सोडावे लागले नाही.

१२/ तरी डाव्यांचे श्रेय नाकारता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर दुष्काळी कामांवर मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. डाव्या आणि समाजवादी संघटनांनी या मजुरांना संघटित केले, मोर्चे काढले. रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची, पण तिचा १९७७ चा कायदा झाला त्यामागे हा रेटा होता. काम मागणे हा हक्क आहे, हे देशाला महाराष्ट्राने शिकविले आणि महाराष्ट्राला खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी.

१३/ १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात तरुण रस्त्यावर उतरले. नोकऱ्या, रेल्वेचे रुंदीकरण, सिंचन या त्यांच्या मागण्या होत्या. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. प्रदेशावरील अन्याय खरा होता. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने अनुशेषावर अधिकृत शिक्काही मारला. मात्र ‘मराठवाड्यावर अन्याय’ या घोषणेत मराठवाड्याच्या आत कोण कोणावर अन्याय करतो, हा प्रश्न झाकला गेला.

१४/ आणीबाणीनंतर, १९७७ मध्ये, शेकापने लोकसभेच्या पाच जागा जिंकल्या. त्यांतील तीन मराठवाड्यातल्या: परभणीत शेषराव देशमुख, नांदेडला केशवराव धोंडगे, लातूरला उद्धवराव पाटील. हे शिखर होते. पुढच्याच वर्षी कडा कोसळला.

१५/ २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. सरकार पुलोदचे होते आणि शेकाप त्यात सामील होता. ठरावानंतर मराठवाड्यातील गावोगावी दलित वस्त्या पेटविण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. मुंबईत शेकापचे मंत्री ठरावाच्या बाजूने होते. गावात पक्षाचा पारंपरिक मतदार बहुधा दुसऱ्या बाजूला होता. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या आयुष्यभर डावे राहिलेल्या नेत्यानेही प्रादेशिक अस्मितेच्या नावाने नामांतराला विरोध केला. जमीनदारीविरुद्ध लढलेली पिढी जातीपुढे थबकली.

१६/ यानंतर दोन शक्ती आल्या. पहिली शेतकरी संघटना. १९८४ साली तिचे अधिवेशन परभणीतच भरले. शरद जोशी यांनी प्रश्न जमिनीवरून बाजारभावाकडे नेला. कापसाला भाव हवा, ही मागणी न्याय्यच होती. पण भाव त्यालाच मिळतो ज्याच्याकडे विकायला कापूस आहे. वेचणारीच्या मजुरीचे काय, हा प्रश्न पुन्हा बांधावर बसून राहिला.

१७/ दुसरी शक्ती शिवसेना. तिने नामांतराला विरोध केला आणि १९४८ ची आठवण हाती घेतली. ‘रझाकार’ हा शब्द चाळीस वर्षांनी प्रचारसभांत परतला, तोही शेजारच्या मोहल्ल्याकडे बोट दाखवून. ‘खान हवा की बाण’ ही घोषणा त्याच काळातली. रझाकारी ही सरंजामी सत्तेची फौज होती, सर्व मुसलमानांची नव्हे, आणि पोलीस कारवाईनंतर गरीब मुसलमानही मारला गेला, हे सांगण्याची जबाबदारी डाव्यांची होती. त्यांनी तो इतिहास सांगितला नाही. म्हणून दुसऱ्यांनी आपल्या पद्धतीने सांगितला. १९८९ मध्ये सेनेच्या पाठिंब्यावर अशोकराव देशमुख लोकसभेत गेले.

१८/ असे केवळ येथेच घडले का? कॅनडाच्या गव्हाळ मैदानातील सस्कॅचेवान प्रांतात १९४४ मध्ये टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार शेतकऱ्यांनी निवडून आणले. १९६२ मध्ये त्या प्रांताने सार्वत्रिक आरोग्यविमा दिला. पण तेथील सहकारी शेतकऱ्याची जमीन मुळात आदिम रहिवाशांकडून गेलेली होती, आणि त्या प्रश्नाला ते राजकारण फारसे भिडले नाही. २००७ पासून तेथे उजव्या पक्षाची सत्ता आहे. दोन्हीकडचे तपशील वेगळे, पण जमीनधारकांचा समाजवाद बांधाशी येऊन थांबतो, हे साम्य नजरेत भरणारे आहे.

१९/ परभणीतील डाव्यांचा पराभव १९८९ मध्ये मोजला गेला. तो घडत होता १९५२ पासूनच. जहागिरदार गेल्यावर पुढचा प्रश्न सालगड्याच्या जमिनीचा होता. रझाकार गेल्यावर पुढचा प्रश्न शेजाऱ्याशी पुन्हा बोलण्याचा होता. दोन्ही प्रश्न अवघड, कारण त्यांची उत्तरे आपल्याच मतदाराला दुखावणारी होती.

२०/ १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. आजही मराठवाड्यात अनेक कुटुंबे त्या सातबाऱ्याच्या प्रतीक्षेत तहसीलच्या पायऱ्या चढतात. पोखर्णीच्या देवाने खांब फोडून बाहेर येताना उंबरठ्यावर न्याय केला, अशी कथा आहे. ना घरात, ना घराबाहेर. परभणीच्या राजकारणातला न्यायही दीर्घकाळ उंबरठ्यावरच उभा आहे. त्याला आत घेणारा पक्ष कोणत्या रंगाचा असेल, हा प्रश्न दुय्यम. दार गावकुसाच्या बाजूने उघडावे लागेल, एवढे इतिहास सांगतो.

(धागा समाप्त)