'._' फाइलची कुळकथा

मॅकवरून पेनड्राइव्हवर गाणी भरून तो गाडीच्या म्युझिक सिस्टिमला लावला, की पुष्कळदा एकेक गाणं यादीत दोनदा दिसतं. एक नेहमीच्या नावाचं, दुसरं त्याच नावाआधी टिंब आणि अंडरस्कोर लागलेलं. हे दुसरं वाजत नाही. विंडोजवर पाहिलं तर त्याचा आकार बहुधा ४ केबी भरतो. व्हायरस समजून लोक ते उडवून टाकतात. खरं तर ती मूळ फाइलचीच उरलेली माहिती असते, आणि तिचं कूळ १९८४ सालापर्यंत मागे जातं.

त्या वर्षी आलेल्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाइलला दोन भाग असू शकत: डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. पहिल्यात मजकूर, दुसऱ्यात मेनू, आयकॉन, फॉन्ट, सूचनांच्या चौकटी. ही व्यवस्था सांभाळणारा रिसोर्स मॅनेजर ब्रूस हॉर्न यांनी लिहिला. त्यामागचा विचार फार चांगला होता. मेनूतले शब्द मूळ कोडपासून वेगळे ठेवल्यामुळे कोडला हात न लावता प्रोग्राम दुसऱ्या भाषेत नेता येई. शिवाय फाइल कसली आणि कुठल्या प्रोग्रामची, हे सांगणारे चार-चार अक्षरांचे दोन संकेत डिस्कवरच्या नोंदीत असत. त्यामुळे नावाला शेपूट जोडायची गरज नव्हती.

पीसीवरच्या डॉसच्या फॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीत यातल्या कशालाच जागा नव्हती. तिथे फाइलची नोंद ३२ बाइटची. नाव आठ अधिक तीन अक्षरांचं, सोबत तारीख, आकार, मोजक्या खुणा. आणि मजकुराचा प्रवाह एकच. मॅकवरच्या पोस्टस्क्रिप्ट टाइप १ फॉन्टची सगळी अक्षरं रिसोर्स फोर्कमध्ये असत, डेटा फोर्क रिकामा. अशी फाइल नुसती पीसीवर गेली की नाव शाबूत आणि आकार शून्य. फाइल पोचली असं वाटे, पण तिच्यात एकही अक्षर नसे.

यावर तोडगे निघत गेले. १९८५ मध्ये आलेल्या मॅकबायनरीनं १२८ बाइटचा मथळा लावून दोन्ही फोर्क एकाच फाइलमध्ये बांधले. पण अशी बांधलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर सोडवल्याशिवाय उघडत नसे. अ‍ॅपलनं आपल्या ए-यूएक्स या युनिक्ससाठी वेगळी वाट काढली: अ‍ॅपलडबल. मजकूर जसाच्या तसा, कोणालाही उघडता येईल असा. बाकी सगळं शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये. मॅक ओएस एक्सनं हीच पद्धत उचलली आणि शेजारणीच्या नावाआधी '._' लावलं. युनिक्समध्ये टिंबानं सुरू होणारी फाइल यादीत सहसा दिसत नाही. विंडोजला आणि गाडीतल्या प्लेअरला हा रिवाज ठाऊक नाही, म्हणून तिथे ती उघडी पडते. हेक्स एडिटरमध्ये पाहिलं तर तिचे पहिले चार बाइट ००, ०५, १६, ०७ असतात. अ‍ॅपलडबलची ती ओळखखूण.

खुद्द मॅकवरही ही माहिती सुरक्षित नव्हती. टर्मिनलमधली 'सीपी' ही कॉपीची आज्ञा २००५ च्या १०.४ आवृत्तीपर्यंत रिसोर्स फोर्क मागेच सोडत असे, तेही चूक न दाखवता. विंडोजवरही हेच घडतं. तिथल्या एनटीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीत एका फाइलला अनेक प्रवाह असू शकतात. 'ही फाइल इंटरनेटवरून आली आहे' ही सावधगिरीची खूण २००४ पासून अशाच एका प्रवाहात ठेवली जाते. फॅटच्या पेनड्राइव्हवर ती फाइल गेली की खूण पुसली जाते.

म्हणूनच '._' फाइल उडवण्याआधी मूळ फाइल कसली आहे ते बघावं. गाण्याचं किंवा फोटोचं सहसा काही बिघडत नाही. जुने फॉन्ट आणि जुन्या मॅकवरचं काम असेल तर मात्र ती जोडी फोडू नये. मॅकवरच डिस्क इमेज करून एकसंध हलवावी. कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश मजकूर पोचल्याची हमी देतो. बाकीचं पोचलं की नाही, हे मूळ डिस्क पुसण्याआधी आपणच उघडून पाहायचं असतं.