सूर्यनादाची साक्ष

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून जाम नदी वाहते. पैलतीरी ढोल वाजू लागला, की चामडे ताणलेले आहे की सैल पडले आहे, हे ऐलतीरावरचा जाणता माणूस ढोल न पाहताच सांगतो. सूर्याच्या पोटातील स्थिती शास्त्रज्ञांनी ओळखली ती याच न्यायाने. आणि त्या साक्षीने एका मोठ्या वादाला दिशा दिली.

१९६० च्या सुमारास रॉबर्ट लेटन यांना सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होत असल्याचे आढळले. सूर्याच्या अंतर्भागात कोंडलेल्या ध्वनिलहरींचा हा परिणाम होय, अशी उपपत्ती रॉजर उलरिक यांनी १९७० मध्ये मांडली. १९७५ मध्ये डॉयबनर यांच्या वेधांनी तिला दुजोरा दिला. तप्त वायूतून ध्वनी अधिक त्वरेने धावतो. म्हणून या कंपनांवरून आतील उष्णतामानाचा अदमास बांधता येतो.

इकडे रेमंड डेव्हिस यांच्या १९६८ पासूनच्या प्रयोगांत सूर्यातून येणारे न्यूट्रिनो कण अपेक्षेच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकेच सापडत होते. दोष कोणाचा? सूर्याचा गाभा कल्पनेपेक्षा थंड, की कणांविषयीचे आपले ज्ञान अपुरे?

१९९५ मध्ये पृथ्वीवरील सहा ठिकाणच्या दुर्बिणी सूर्याची कंपने अहोरात्र टिपू लागल्या. उदयपूरची त्यांतलीच एक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे व एच. एम. अंतिया यांनी त्या दशकात हा वाद कंपनांच्या कसोटीस लावला. निष्कर्ष असा, की कंपनांशी सुसंगत राहून गाभ्याचे उष्णतामान व घटकद्रव्ये बदलून पाहिली, तरी निरनिराळ्या प्रयोगांतील तूट एकाच वेळी भरून निघत नाही. संशय सूर्यावरून कणांकडे वळला. पुढे २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने, हे कण वाटेत आपले रूप पालटतात, हे सिद्ध केले.

२००१ मध्येच नरतुरंगातील अल्फा ताऱ्याची अशी कंपने स्पष्टपणे टिपली गेली. वैशाख-ज्येष्ठातील रात्री हा तारा आमच्याकडे दक्षिण क्षितिजालगत दिसतो. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने तर सूर्यासारख्या शेकडो ताऱ्यांचा नाद नोंदवला. त्यावरून त्यांचे वस्तुमान आणि वयही काढता येते.

चित्रे २०२१ मध्ये निवर्तले. सूर्याच्या गाभ्यापर्यंत कोणी गेलेला नाही, जाणारही नाही. प्रत्यक्षदर्शी नसतानाही पुरावा धीराने तोलला तर न्याय होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.