नऊवारी लुगडे : रंगभूमी व चित्रपटांतील वेशभूषा

नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे, न शिवता कासोटा घालून नेसायचे मराठी स्त्रीचे वस्त्र. खेड्यात लुगडं, शहरात नऊवारी पातळ किंवा नऊवारी साडी ही त्याची नावे. पाचवारी ‘गोल’ नेसतात. नऊवारी सकच्छ नेसतात, आणि तिला परकर लागत नाही. नाटक, तमाशा, लोकनाट्य आणि चित्रपट या सगळ्यांत मराठी स्त्रीपात्र प्रेक्षकाला पहिल्या नजरेत ओळखू येते ते या वस्त्रामुळे. मात्र ही ओळख कापडात थोडी आणि नेसण्यात फार असते. एकाच मागावरचे एकच लुगडे चार तऱ्हांनी नेसले तर रंगमंचावर चार वेगळ्या बायका उभ्या राहतात.

नेसण. लुगड्याचे एक टोक कमरेभोवती आणून पोटावर गाठ मारतात. पदरापुरते कापड राखून उरलेल्याच्या समोर निऱ्या घालतात, निऱ्यांच्या खालच्या काठाचा मधला भाग दोन्ही पायांमधून मागे ओढतात आणि पाठीशी कमरेत खोचतात. हा कासोटा किंवा काष्टा. समोर उरलेला चुणीदार भाग पोटाशी खोचला की ओचा होतो. एवढ्या कृतीत कुठे ढिले सोडायचे, कुठे आवळायचे आणि काठ किती खाली येऊ द्यायचा, यावर पात्राची जात, गाव, वय आणि काम ठरते. ब्राह्मणी नेसणीत घोटा झाकलेला असतो आणि घरंदाज बाईचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला असतो. खानदानी मराठा घरात पदर डोक्यावर राहतो. कोळी स्त्रीचे लुगडे मांड्यांना घट्ट बसते, गुडघ्याशी थांबते आणि वर वेगळी फडकी असते. वऱ्हाडात कापूस वेचणारी बाई लुगडे वर खोचून पदराची ओटी करते आणि वेचलेला कापूस त्या ओटीत भरत जाते. अशी बाई नाटकात दाखवायची असेल तर ओटीचे वजन तिच्या कमरेला दिसले पाहिजे. रिकामी ओटी बांधून शेतमजूर झालेली नटी चालू लागली की सगळे खोटे पडते.

रंगही बोलतात. काळी चंद्रकळा नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीची, हिरवे लुगडे लग्नाचे आणि डोहाळजेवणाचे, तांबडे आलवण केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचे. कृष्णधवल चित्रपटात आलवणाचा तांबडा रंग राखाडी होऊन जातो. तिथे विधवापण सांगायचे काम बोडके डोके, मोकळे मनगट आणि कुंकवाविना कपाळ यांच्यावर येते. लुगड्याखालोखाल महत्त्वाची चोळी. जुनी चोळी समोर गाठ मारून घालायची, बहुधा खणाची. पाठीवर हुकांची रांग असलेला ब्लाउज पेशवाईतल्या पात्राच्या अंगावर आला की उरलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते, आणि ही चूक मराठी रंगमंचावर आजही वारंवार दिसते.

पुरुषांच्या अंगावरचे लुगडे. मराठी रंगभूमीवर नऊवारीची कला आधी पुरुषांनी घडवली. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ साली त्यांनी गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमान’मधली भामिनी (१९११), ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी (१९१६) आणि ‘एकच प्याला’मधली सिंधू (१९१९) या त्यांच्या भूमिकांची लुगडी घराघरांत चर्चेचा विषय झाली. मोठ्या घरच्या स्त्रिया त्यांच्यासारखा पदर घेऊ लागल्या, त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. भारी शालूंवर पाण्यासारखा पैसा खर्च करणाऱ्या या नटाने सिंधूसाठी मात्र ठिगळाचे साधे लुगडे नेसले. वेशभूषेच्या इतिहासात त्या ठिगळाचे मोल शालूंपेक्षा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दारूने उद्ध्वस्त झालेले घर दाखवायला तिथे संवादाआधी वस्त्र उभे राहते.

चित्रपटाची सुरुवातही अशीच. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. नाटकात नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने (१९३३) स्त्रीभूमिका स्त्रियांकडे सोपवल्या आणि लुगड्याचा सूर बदलला. पुरुष नटाला बाईपण दाखवायला नेसण थोडी ठसठशीत करावी लागे. ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या अभिनेत्रीला ती गरज राहिली नाही.

विदर्भात मात्र पुरुषाचे लुगडे फार पुढपर्यंत टिकले. वर्धा, नागपूर, भंडारा या पट्ट्यातली खडी गंमत उभ्या उभ्या सादर होते. डफ, तुणतुणे आणि चोनक्यावर शाहीर गातो, आणि लुगडे नेसलेला नाच्या त्याच्यासमोर नाचतो. दंडार या लोकनाट्यातही बायकांची सोंगे पुरुषच घेतात. इथे वेशभूषाकार नावाचा वेगळा माणूस नसतो. लुगडे घरातल्या आईचे किंवा भावजयीचे, नेसवणारीही तीच, म्हणून गावातल्या प्रेक्षकाला ते घडीच्या खुणांसकट ओळखू येते. आनंद यादव यांच्या कादंबरीवरच्या ‘नटरंग’ (२०१०) चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला गुणा कागलकर पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशातला नाच्या आहे. पुरुषाने लुगडे नेसताना अंगाला आणि मनाला काय सोसावे लागते, हे पाहायला तो चित्रपट पुरेसा आहे.

वर्ध्याची खादी. वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाला व्यापारात स्वतंत्र नाव होते. १९३० नंतर याच जिल्ह्यात लुगड्याचा एक वेगळा अवतार दिसू लागला. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगाव खेड्यात राहायला आले. १९४० साली त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. तिथल्या आश्रमात सगळ्यांचे कापड एकच, हातकताईची खादी, आणि रंग बहुतेक पांढरा. काठ, रेशीम, जर या सगळ्या खुणा गळून पडल्या. उरली ती फक्त नेसण. गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पदर पुढे घेणाऱ्या कस्तुरबा, पडदा सोडून खादीत आलेल्या मारवाडी जानकीदेवी बजाज, बंगाली आशादेवी आर्यनायकम आणि कासोटा घातलेली मराठी कार्यकर्ती, अशा सगळ्या एकाच पांढऱ्या कापडात वेगवेगळ्या दिसत. सेवाग्रामवर नाटक किंवा चित्रपट करणाऱ्याने इथे सर्वांत जास्त जपायला हवे. सगळ्या आश्रमवासी बायकांना एकसारख्या पांढऱ्या पाचवाऱ्या वाटून दिल्या की आश्रमात देश एकत्र आला होता हे दिसतच नाही.

खादीचा आणखी एक गुण वेशभूषेत लपत नाही. जाड सुताच्या नऊवारीचे वजन मोठे; ती धुतली की आणखी जड होते आणि निऱ्या गिरणीच्या कापडासारख्या झुळझुळत नाहीत, घडीत उभ्या राहतात. नटीची चाल त्याने आपोआप बदलते, पावले छोटी होतात, बसताना हात टेकावा लागतो. पडद्यावर खादीऐवजी पातळ सुती कापड वापरले तर रंग जुळतो, देह जुळत नाही. या वस्त्राचा अभ्यास करायचा तर वर्ध्यातले मगन संग्रहालय ही योग्य जागा. मगनलाल गांधी यांच्या नावाचे हे संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले; चरख्यांचे अनेक प्रकार तिथे पाहता येतात आणि नैसर्गिक रंगांच्या खादीचे कामही तिथे चालते.

किमोनोशी नाते. वर्ध्याला जपानी भिक्षूंचा झगा नवा नाही. निचिदात्सु फुजी, ज्यांना इथे फुजी गुरुजी म्हणतात, १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले आणि त्यांच्या निप्पोनझान म्योहोजी पंथाचा विश्वशांती स्तूप आज शहरात उभा आहे. जपानच्या रंगभूमीशी लुगड्याची तुलना मात्र त्याहून खोल जाते. किमोनो शिवलेला असला तरी तो देहाच्या मापाने बेतलेला नसतो. सुमारे ३६ सेंटिमीटर पन्ह्याच्या एका लांब ताग्यातून सरळ पट्ट्या कापून तो जोडतात, आणि पात्र ठरते ते अंगावर चढवण्यात. डावी बाजू उजवीवर येते. उलट फक्त प्रेताला घालतात. गळपट्टी मानेपासून किती मागे ढळू द्यायची, ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, कुठे बांधायची यावरून वय, दर्जा, पेशा कळतो. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात स्त्रीभूमिका करणारे ओन्नागाता पुरुष असतात. बालगंधर्वांचा नातलग शोधायचा तर तो तिथे सापडेल.

एका बाबतीत जपानी रंगभूमी पुढे आहे. काबुकीत ‘हिकिनुकी’ नावाची युक्ती आहे. वरचा किमोनो सैल टाक्यांनी टाचलेला असतो. भर प्रवेशात मदतनीस ते दोरे उपसतो आणि क्षणात आतला वेगळ्या रंगाचा किमोनो समोर येतो. नऊवारीत अशी सोय परंपरेने घडली नाही. प्रवेश बदलताना लुगडे बदलायचे तर पडद्यामागे एक नेसवणारी बाई आणि हातात काही मिनिटे लागतात. संगीत नाटकाच्या काळात मध्यंतर आणि पदे ही सवड देत; आजच्या दोन अंकी नाटकात ती सवड राहिलेली नाही.

किमोनोने जपानला वेशभूषेचे ऑस्करही मिळवून दिले. ‘गेट ऑफ हेल’साठी सान्झो वादा यांना १९५५ साली आणि कुरोसावा यांच्या ‘रान’साठी एमी वादा यांना १९८६ साली. या दोन्हींच्या मधल्या काळात, १९८३ साली, कोल्हापूरच्या भानू अथैया (१९२९–२०२०) यांना ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह हा सन्मान मिळाला. त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेल्या कस्तुरबा दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण पत्नीपासून आगाखान पॅलेसमधल्या मृत्यूपर्यंत जातात, आणि तो सगळा प्रवास साडीच्या पोतात वाचता येतो.

पडद्यावरची वाट. ‘संत तुकाराम’मधली (१९३६) गौरी यांची आवली कमरेला पदर खोचलेली, हात कामाला मोकळे असलेली, ‘श्यामची आई’मधल्या (१९५३) वनमालाबाई कोकणातल्या गरीब पण नेटक्या ब्राह्मण घरातल्या. ही दोन्ही लुगडी शोभेसाठी नाहीत, म्हणूनच ती अजून खरी वाटतात. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि रंगीत ‘पिंजरा’ (१९७२) यांनी लावणी नर्तकीची नेसण घट्ट केली, काठ भडक केले आणि तीच पुढे महाराष्ट्राबाहेर ‘मराठी साडी’ समजली जाऊ लागली. ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ठाकर आदिवासी स्त्रीचे आखूड लुगडे स्मिता पाटील यांच्या अंगावर आले, तेव्हा कासोट्याचा अर्थ चालणे, चढणे, धावणे असा मुळाशी गेला. ‘बालगंधर्व’ (२०११) या चित्रपटासाठी नीता लुल्ला यांना वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘बाजीराव मस्तानी’मधल्या (२०१५) ‘पिंगा’ गाण्यावर महाराष्ट्रात आक्षेप घेतले गेले. इतिहासाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी पेशव्याच्या पत्नीची कंबर उघडी टाकणारी नेसण पेशवाईतली नाही, एवढे कापडच सांगते.

शिवलेली नऊवारी. गेल्या काही दशकांत तयार शिवलेली नऊवारी सर्वत्र रुळली आहे. पँटसारखे पाय, कमरेला नाडी, जागेवर टाके घातलेल्या निऱ्या आणि पाठीवर शिवून ठेवलेला कासोटा. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, ढोलपथकाला, लग्नातल्या नाचाला ती सोयीची आहे, आणि तिथे तिच्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. नाटक-चित्रपटात मात्र तिने मोठे नुकसान केले आहे. शिवलेल्या लुगड्याला एकच नेसण असते. त्यातून मालकीण आणि मोलकरीण, कोकणातली सून आणि वऱ्हाडातली वेचणारी वेगळ्या काढता येत नाहीत. बसल्यावर ओचा सावरणे, रागाने पदर खोचणे, लाजून निऱ्यांशी चाळा करणे, काम संपल्यावर कासोटा थोडा सैल करणे, अशा ज्या छोट्या हालचालींवर जुन्या अभिनेत्रींचा अर्धा अभिनय उभा होता, त्या टाक्यांत बंद होतात.

मोठ्या निर्मितींत यावर एक मध्यममार्ग वापरला जातो. नाचाच्या आणि झटपट बदलाच्या प्रवेशांसाठी शिवलेले, बाकीच्यांसाठी खरे लुगडे, आणि दोन्ही एकाच ताग्याचे. अशा वेळी तालमीतच खरे लुगडे द्यावे लागते. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी प्रथमच नऊवारी नेसलेली नटी पायऱ्या उतरताना काठ पायात अडकेल या भीतीने खाली पाहते, आणि ती नजर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसते.